चर्चची शाळा, तिचं वेळापत्रक आणि पैसे कोणाचे?

दरवर्षी ऑक्टोबर आला की आपल्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच. "घराजवळची शाळा चर्च ऑफ इंग्लंडची आहे. चांगली आहे म्हणतात. पण तिथे मुलांना नक्की शिकवतात काय? घालावं का?" मग कोणी म्हणतं, अहो, नावापुरतं असतं ते. कोणी म्हणतं, रोज प्रार्थना असते, नीट विचार करा. गेल्या आठवड्यात एका ताईंनी मला थेट मेसेज केला, म्हणून हे लांबलचक उत्तर. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, सीए आहे. कुठलीही संस्था समजून घ्यायची तर मी आधी बघते, पैसे कोण देतं आणि कशाबद्दल देतं. या शाळांच्या विषयांचं कोडं मला तरी तिथूनच सुटलं.

सुरुवात १८११ ची. त्या वर्षी नॅशनल सोसायटी स्थापन झाली. गरिबांच्या मुलांना चर्च ऑफ इंग्लंडच्या शिकवणीप्रमाणे शिक्षण द्यायचं, हा तिचा उघड उद्देश. वाचन शिकवायचं ते मुख्यतः बायबल वाचता यावं म्हणून. सोबत लेखन, थोडं गणित आणि मुलींना शिवण. एकच मास्तर आणि मुलं शेकडो, म्हणून मोठी मुलं लहानांना शिकवायची. या पद्धतीचं नाव 'मद्रास सिस्टिम'. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने ती मद्रासमधल्या अनाथ मुलांच्या शाळेत वापरून पाहिली होती, आणि वाळूत बोटाने अक्षरं गिरवणारी मुलंही त्याने तिथेच पाहिली. म्हणजे आपल्या खापरपणजोबांनी पंतोजींपुढे बसून गिरवलेली धुळाक्षरंच ही! ती बोटीत बसून इंग्लंडच्या चर्चच्या शाळांत पोचली होती. असो.

सरकारने या शाळांना पहिल्यांदा पैसे दिले १८३३ मध्ये. वीस हजार पौंड, तेही इमारतींसाठी. रक्कम वाढत गेली तसा सरकारला हिशोब हवा झाला. मग १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी नवे नियम आणले, आणि माझ्यासारखीला इथून खरी गंमत सुरू होते. एका मुलामागे शाळेला जास्तीत जास्त १२ शिलिंग. त्यातले ४ हजेरीचे आणि ८ परीक्षेचे. इन्स्पेक्टर येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित अशी परीक्षा घेणार. एका विषयात नापास, तर २ शिलिंग ८ पेन्स कापले. सगळ्यात वरच्या, सहाव्या इयत्तेत वाचायला वर्तमानपत्रातला उतारा, आणि गणितात मालाच्या बिलासारखं व्यवहारी गणित. मुलींना शिवण सक्तीचं.

इतिहासाचे पैसे नाहीत, भूगोलाचे नाहीत. मग काय झालं असेल ते कुठल्याही ऑडिटरला विचारा. जे मोजलं जातं तेच टिकतं. बऱ्याच शाळांत इतिहास-भूगोल आक्रसले आणि मुलं वाचनाचं पुस्तक तोंडपाठ करून इन्स्पेक्टरसमोर 'वाचू' लागली. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते, त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. १८६७ मध्ये जादा विषयांसाठी थोडे पैसे मिळू लागले तेव्हा इतिहास-भूगोलाला पुन्हा जागा मिळाली. मूळ पद्धत मोडीत निघायला १८९० चं दशक उजाडलं. आपण म्हणतो चर्चच्या शाळेत धर्माने अभ्यासक्रम ठरवला. धर्माचा तास चर्चचा होता हे खरं, पण बाकीचा दिवस बराचसा ट्रेझरीने आखलेला होता.

आता त्या धर्माच्या तासाबद्दल. खेड्यापाड्यात बहुतेक ठिकाणी एकच शाळा, आणि ती चर्च ऑफ इंग्लंडची. तिथल्या मेथडिस्ट, बॅप्टिस्ट घरांतल्या मुलांनी काय करायचं? हेही ख्रिश्चनच, पण त्यांना त्या चर्चची शिकवण नको होती. या आई-बापांच्या तक्रारींतून १८७० च्या कायद्यात एक कलम आलं. धर्मशिक्षण आणि प्रार्थना शाळेच्या सत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटीच ठेवायची, ते वेळापत्रक मंजूर करून घेऊन वर्गात दिसेल असं लावायचं, आणि पालकाला नको असेल तर मूल त्या वेळेपुरतं बाहेर. त्यामुळे त्याचं बाकी काहीही नुकसान होता कामा नये. मला या कलमातलं ते भिंतीवरचं वेळापत्रक फार आवडतं. हक्क असून उपयोग नाही, तो वापरायची वेळही कळायला हवी.

याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? तिथेही तोच प्रश्न होता, फक्त पणाला जास्त लागलं होतं. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती, वय जेमतेम बारा, तोही मिशनऱ्यांकडे गेला. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात मिळाला. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं ही बाजू लावून धरली, आणि त्यासाठी पुष्कळ सोसलं. म्हणजे त्या काळच्या पालकांची भीती उगीच नव्हती. तरीही मुलं मिशनच्या शाळेत जात राहिली, कारण इंग्रजी आणि गणित तिथे मिळत होतं.

१८५४ चा वुडचा खलिता आला तेव्हा मिशनच्या शाळांनाही अनुदानाची वाट मोकळी झाली. अट अशी की सरकार बघणार ते लौकिक विषय, धर्मशिक्षणात इन्स्पेक्टर लक्ष घालणार नाही. मात्र मुलाला त्या तासातून काढून घ्यायचा पालकाचा हक्क खलित्यात नव्हता. आपल्याकडे तो हक्क पक्का झाला तो १९५० मध्ये, राज्यघटनेच्या २८ व्या कलमात. माझ्या लहानपणी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली कॅटेकिझमला जायच्या आणि आम्ही मॉरल सायन्सला. तेव्हा वाटायचं, ही सिस्टरांची सोय. त्यामागे एवढा इतिहास असेल असं कुठे माहीत होतं!

या शाळांतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी मला विसरता येत नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ शिकले. ख्रिश्चन झाले नाहीत. अहमदनगरची मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आले आणि १८४८ मध्ये स्वतः मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी प्राथमिक शाळेसाठी विषय सुचवले: वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. 'हिशोब' वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! शिकवणाऱ्याला जे द्यायचं होतं त्यातलं शिकणाऱ्याने नेमकं काय उचललं, ते या यादीत दिसतं.

आता आजचं इंग्लंड. इथल्या प्राथमिक शाळांपैकी साधारण चौथा हिस्सा चर्च ऑफ इंग्लंडच्या आहेत. इंग्रजी, गणित, विज्ञानात तुम्हाला शेजारच्या शाळेपेक्षा फारसा फरक दिसणार नाही. फरक आरई म्हणजे धर्मशिक्षणात आणि असेंब्लीत. शाळा 'व्हॉलंटरी एडेड' असेल तर आरई चर्चच्या पद्धतीने. 'व्हॉलंटरी कंट्रोल्ड' असेल तर सहसा स्थानिक कौन्सिलच्या अभ्यासक्रमाने, ज्यात हिंदू, शीख, इस्लाम सगळं येतं. हे दोन प्रकार १९४४ चे, आणि तेही पैशावरूनच. एडेड शाळेने इमारतीचा अर्धा खर्च उचलायचा (आता तो १० टक्के आहे) आणि बदल्यात जास्त अधिकार ठेवायचे. शाळेच्या नावावरून हे दरवेळी कळतंच असं नाही, वेबसाइटवर शोधा किंवा ऑफिसात विचारा. ओपन डेला आणखी दोन गोष्टी विचारा: चर्चमध्ये वर्षातून किती वेळा नेता, आणि ज्या मुलांना काढून घेतलंय ती तेवढा वेळ कुठे बसतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं मिळतं त्यावरून शाळा कळते.

मी काय केलं? मुलगी रिसेप्शनमध्ये असताना सगळ्यातून काढून घ्यायचं पत्र लिहिलं होतं. तिने विचारलं, "मग मी ऑफिसबाहेर एकटीच बसायचं का?" रात्रभर झोप नाही. कायद्याने अर्धवट काढून घेता येतं, हे तेव्हा वाचलं आणि पत्र बदललं: आरई चालेल, असेंब्ली चालेल, कम्युनियनची सर्व्हिस नको. नवऱ्याला हे अजूनही पटलेलं नाही. तो म्हणतो, एक तर पूर्ण बसव नाहीतर पूर्ण काढ. शाळेने मात्र एका ओळीत मान्य केलं, कारण विचारलं नाही.

प्रायमरीच्या अर्जाची तारीख १५ जानेवारी. चर्चच्या शाळेचा वेगळा सप्लिमेंटरी फॉर्म असेल तर तो शाळेकडेच द्यावा लागतो, कौन्सिलकडे नाही, त्यात बरेच जण चुकतात. पत्राचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.