मडगार्डवरची जाळी

गाडी 120च्या वेगाने धावते तेव्हा चाकाचा सगळ्यात वरचा भाग 240ने पुढे जात असतो. (रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर! विश्वास बसत नसेल तर कागदावर मांडून बघा.) असं चाक मडगार्डखाली हवा कोंबत राहतं. कोंडलेली हवा मडगार्डला वर ढकलते, गाडीची पकड सैल होते. वर भोक पाडलं की ती निघून जाते.

रेसिंगवाल्यांनी हवेचा हा हिसका चांगलाच अनुभवलाय. 1999च्या ल मां शर्यतीत मर्सिडीजच्या सीएलआर गाड्या तीनदा उडाल्या. त्यात दोनदा मार्क वेबर आत होता. तिथे मुख्य गुन्हेगार नाकाखाली शिरलेली हवा होती, पण धडा तोच. 2012मध्ये तिथल्या प्रोटोटाइप गाड्यांना चाकांवर भोकं सक्तीची झाली. त्याच वर्षी धडक बसून अँथनी डेव्हिडसनची टोयोटा उडालीच. मणके मोडले, जीव वाचला.

आमच्या वाशिम जिल्ह्यात समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022ला सुरू झाला. तोवर 120 हा आकडा आम्ही स्पीडोमीटरवर नुसता बघायचो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 60चे 120 केले की चौपट. आता कारंज्याकडे मडगार्डवर प्लास्टिकच्या जाळ्या चिकटवलेल्या गाड्या दिसतात. मागे भोकच नाही, हवा जाणार कुठून? आणि खरी जाळी लावली तरी 120ला घरच्या गाडीत फरक जाणवणारही नाही. मेच्या उन्हात, सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर घासलेला टायर मात्र जाणवतो.