मिळकत आणि मालक

‘आमचे मालक रानात गेलेत,’ असं खेड्यापाड्यांतल्या बायका नवऱ्याबद्दल सहज बोलतात. हा ‘मालक’ अरबी ‘मालिक’वरून आला. ज्या म-ल-क या धातूतून तो निघाला, त्यातूनच ‘मिल्कियत’ निघाली आणि फारसी लिखापढीतून मराठीत येता येता तिची ‘मिळकत’ झाली. ‘ल’चा ‘ळ’ बहुधा आपल्या ‘मिळणे’च्या ओढीनं झाला असावा. मिळकतकर भरताना मिळकत म्हणजे घर. ‘महिन्याची मिळकत किती?’ असं विचारताना मात्र कमाई. कमावणं आणि मालकी असणं मराठीनं एकाच शब्दात बसवलं.

नोकरदार बायकोच्या वाट्याला बऱ्याचदा यातला कमावण्याचा अर्थच येतो. पगार तिच्या खात्यात जमा होतो, एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं, आणि रिक्षाच्या पैशांसाठीही तिला त्याच्यापुढे हात पसरावा लागतो.

याची मुळं जुनी आहेत. ‘स्त्रीधन’ हा शब्द उदार वाटतो. मनूनं त्याचे सहा प्रकार सांगितले, पण ते सगळे इतरांनी दिलेल्याचे: लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेलं, सासरी निघताना मिळालेलं, प्रेमानं दिलेलं, आई, बाप, भाऊ यांच्याकडून आलेलं. स्मृतिकार कात्यायनानं तर स्पष्टच म्हटलं, की स्त्रीनं शिल्पानं, म्हणजे हातच्या कसबानं, मिळवलेल्या धनावर नवऱ्याचं स्वामित्व. दिलेलं तिचं आणि कमावलेलं त्याचं! मला या वाटणीचा मनापासून राग येतो, कारण घाम गाळून मिळवलेल्या धनावरच तिचा हक्क सर्वांत पक्का असायला हवा.

1874च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यानं पत्नीची कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता ठरवली, पण हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन स्त्रियांना त्यातून वगळलं. हिंदू स्त्रीसाठी 1956च्या वारसा कायद्याच्या कलम 14नं ही चूक दुरुस्त केली. तिच्या मालमत्तेची ती पूर्ण मालक ठरली, आणि स्वतःच्या कौशल्यानं वा श्रमानं मिळवलेली मालमत्ताही त्यात नाव घेऊन आली.

गावाकडे नवऱ्याला ‘कारभारी’ही म्हणतात. कारभारी दुसऱ्याचं सांभाळतो, मालक होत नाही. प्रतिभा राणी खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं जवळपास हेच सांगितलं: सासरी ठेवलेलं स्त्रीधन तिचंच राहतं, विश्वासानं सोपवलेलं ते बळकावलं तर फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होतो.

पगाराच्या तक्रारीसाठी जवळचा रस्ता मात्र 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा. त्यात मारहाणीच्या बरोबरीनं ‘आर्थिक छळ’ आला. 2006च्या नियमांसोबत तक्रार नोंदवण्याचा जो नमुना आहे, त्यात पगार काढून घेणं, तो वापरू न देणं, नोकरी करू न देणं हे सगळं स्वतंत्रपणे लिहिलं आहे. वर्षानुवर्षं ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून गिळलेली गोष्ट तिथं हिंसा म्हणून नोंदली जाते, याचं मोल मला फार वाटतं. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नवऱ्यानं बँकेचं खातं वा लॉकर हाताळू नये, स्त्रीधन परत द्यावं, नुकसान भरून द्यावं, असे आदेश मिळतात. निकड असेल तर अंतरिमही. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘कमावतीला पोटगी कशाला?’ हा प्रश्नही हमखास येतो. पोटगीच्या मुळाशी पोट असलं तरी न्यायालय नुसतं पोट भरतं का एवढंच पाहत नाही, सासरच्या राहणीमानाचाही विचार करतं. केवळ नोकरी आहे म्हणून पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पुन्हा सांगितलं. आणि पगार हाती नसताना वकील कसा करायचा, म्हणून कोणी थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तिला उत्पन्नाची अट नाही.