बानूबाईचं वेगळं बिऱ्हाड

परवा जुना अल्बम चाळताना जेजुरीचा फोटो सापडला. १९९८ सालचा, आमच्या लग्नानंतरचा. मी हिला उचलून पायऱ्या चढतोय, दोघंही भंडाऱ्याने पिवळेजर्द आणि कोपऱ्यात आजी तोंड फिरवून उभी. मामेबहिणीने विचारलं, "आजी का रुसलीय रे?" म्हणून हे लिहायला बसलो.

खंडोबा आमचं कुलदैवत. लग्न झालं की जोडीने जेजुरीला जायचं, नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, मग घरी जागरण घालायचं, ही रीत. आमचं लग्न मात्र जातीबाहेरचं. आम्ही लिंगायत वाणी, ही धनगराची. आजीने एकच अट घातली होती : सरळ वर म्हाळसेपाशी जायचं, वाटेत बानूबाईकडे थांबायचं नाही!

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याची. दुसरी बानू ऊर्फ बाणाई, धनगराची. देव म्हाळसेशी सारीपाट खेळला, हरला आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर पडला. मालेगावजवळच्या चंदनपुरीत म्हातारा होऊन बानूच्या घरी मेंढरं राखू लागला. मग तिची मेंढरं मारली आणि 'लग्न कर, म्हणजे जिवंत करतो' म्हणाला. लग्न करून तिला जेजुरीला आणली, तर म्हाळसा घरात घेईना. शेवटी वाटणी झाली. म्हाळसा वर देवाजवळ, बानू गडाच्या अर्ध्या वाटेवर. या दोघींचं भांडण वाघ्या-मुरळी जागरणात अजून रंगवून गातात.

धनगरांमध्ये राहून त्यांच्या ओव्या गोळा करणारे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या दोन लग्नांचा अर्थ फार छान लावला आहे. म्हाळसा म्हणजे गावात स्थिरावलेला समाज, बानू म्हणजे रानात कळपामागे फिरणारा. दोघांना एकमेकांची गरज, पण दोघांचं पटत नाही. देव मधे उभा राहून दोन्ही घरं सांभाळतो. पुढे पेशवाईत होळकर मोठे झाले. ते स्वतः धनगर, खंडोबाचे भक्त. गडकोटाचं बरंचसं दगडी काम त्यांनी करवलं. एवढी सत्ता आणि पैसा हाती असूनही बानू मधल्या वाटेवरच राहिली.

मला हे फार खुपायचं. देवाने लग्न केलं खरं, पण पायरी दाखवूनच! आम्हालाही लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड करावं लागलं होतं, त्यामुळे जरा जास्तच.

एकदा हे सासूबाईंपाशी बोलून दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "जावईबापू, अर्ध्या वाटंवर म्हंजी खाली असं कुनी सांगितलं? सवतीच्या चुलीपाशी राबायला ती गेली न्हाई. तिचं सोताचं दार हाय. आन् देवच येतो की तिच्याकडं!"

मी गप्प. इतकी वर्षं मी ती पायरी वरून खाली बघत मोजत होतो. माणूस शिकला तरी म्हाळसेच्या माहेरचा तो माहेरचाच!

आजी २००६ साली गेली. बानूबाईच्या देवळात ती कधीच थांबली नाही. आमच्या बिऱ्हाडी मात्र दर आषाढात पंधरा दिवस राहायला यायची, हिच्या हातची भाकरी खायची आणि घरी परतल्यावर सुनेच्या भाकरीला नावं ठेवायची.

असो. मुलीला यंदा जेजुरी दाखवायची आहे. आधी बानूबाईकडे थांबू. मग वर.