शिकाऱ्याची दुर्बीण

दुर्बीण म्हटली की गॅलिलिओ आणि गुरूचे चार चंद्र आठवतात. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला तशी सवयच लावली आहे. पण दुर्बिणीची पहिली गिऱ्हाइके म्हणजे सैन्य आणि आरमार. ऑक्टोबर १६०८ मध्ये हॉलंडमधल्या मिडलबर्ग गावचा चष्मेवाला हान्स लिपरशे याने दूरच्या वस्तू जवळ दाखवणाऱ्या नळीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा डच सरकारने तो युद्धातल्या उपयोगाच्या दृष्टीने तपासला. पेटंट मात्र नाकारले गेले, कारण अशी नळी दुसऱ्यांनाही करता येते हे तोवर दिसून आले होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गॅलिलिओने व्हेनिसच्या सिनेटरांना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेले आणि नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास आधी समुद्रावरून येणारी गलबते दाखवली. त्याचा पगार वाढला. चंद्राकडे नळी वळली ती त्यानंतर.

या लेखात आम्ही आकाश बाजूला ठेवणार आहोत. जमिनीवर उभे राहून जमिनीवरचेच काही न्याहाळण्यासाठी केलेल्या, आज ‘स्पॉटिंग स्कोप’ या नावाने विकल्या जाणाऱ्या एकनळी दुर्बिणीची ही हकीकत आहे. शाळेसाठी दुर्बीण घ्यायची वेळ आली की दुकानदार खोक्यावरचा वर्धनाचा आकडा दाखवतो आणि तो पाहूनच बहुधा पैसे मोजले जातात. त्या आकड्याची खरी किंमत या इतिहासातून जितकी स्वच्छ कळते तितकी व्याख्येतून कळत नाही, असे आमचे मत आहे.

गॅलिलिओच्या नळीत पुढे बहिर्वक्र आणि डोळ्याशी अंतर्वक्र भिंग होते. प्रतिमा सुलट दिसे, पण दृष्टिक्षेत्र फार अरुंद. वीस पट वर्धनाच्या दुर्बिणीतून पूर्ण चंद्रसुद्धा एका वेळी मावत नसे. अशा नळीतून डोंगरावर चरणारा कळप शोधायचा म्हणजे सुईच्या नेढ्यातून पोळ्याची मिरवणूक बघण्यासारखे. १६११ मध्ये केप्लरने दोन्ही भिंगे बहिर्वक्र घेण्याचे सुचवले. क्षेत्र रुंदावले, पण जग उलटे झाले. खगोलशास्त्रज्ञाचे त्यात काही अडत नाही. ताऱ्याचे डोके कोणते आणि पाय कोणते? जहाजाच्या कप्तानाला मात्र शिडे खाली आणि समुद्र वर हे चालणार नव्हते. आणखी एका बहिर्वक्र भिंगाने प्रतिमा पुन्हा उलटवता येईल हेही केप्लरनेच लिहून ठेवले होते. रेइता नावाच्या कापुचिन धर्मगुरूने १६४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा सुलट दाखवणाऱ्या दुर्बिणीची माहिती दिली. पुढच्या भिंगाला ‘पदार्थभिंग’ आणि डोळ्याशी असलेल्याला ‘नेत्रभिंग’ या अर्थाची नावेही त्याचीच.

सुलट प्रतिमेची किंमत लांबीने मोजावी लागली. उलट प्रतिमेपासून दोन नाभीय अंतरांवर भिंग ठेवले तर तेवढ्याच आकाराची नवी प्रतिमा पलीकडे दोन नाभीय अंतरांवर पडते. मेणबत्ती, भिंग आणि पडदा घेऊन आपण वर्गात करतो तोच हा प्रयोग. म्हणजे नळीत एकूण चार नाभीय अंतरांची भर. एकात एक सरकणाऱ्या, हातभर लांब पितळी नळ्यांची ती ऐटदार दुर्बीण यातूनच आली.

दुसरी अडचण रंगांची होती. साधे भिंग निळा आणि तांबडा प्रकाश एकाच ठिकाणी आणत नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तूला रंगीत किनार येते. न्यूटनने हा दोष भिंगांच्या दुर्बिणीतून जाणार नाही असे मानले, आणि न्यूटनने मानले म्हणून इतरांनीही बरीच वर्षे मानले. चेस्टर मूर हॉल या वकिलाने मात्र १७३३ च्या सुमारास साध्या ‘क्राउन’ काचेच्या बहिर्वक्र भिंगाला ‘फ्लिंट’ काचेचे अंतर्वक्र भिंग जोडले. फ्लिंट म्हणजे उंची पेल्यांसाठी वापरली जाणारी शिसेयुक्त जड काच. ती किरण जितके वळवते त्या मानाने रंग फार फाकवते. म्हणून दुबळ्या फ्लिंट भिंगाने रंगांची फाकाफाक मिटते, पण किरण एकवटण्याची शक्ती काही प्रमाणात शिल्लक राहते. गुपित फुटू नये म्हणून हॉलने दोन भिंगे दोन वेगळ्या कारागिरांकडे दिली. त्या दोघांनीही काम पुढे एकाच माणसाला दिले, जॉर्ज बासला, अशी हकीकत सांगितली जाते. त्याच्याकडून ही युक्ती बाहेर पडली.

१७५८ मध्ये तिचे पेटंट मिळाले ते जॉन डॉलंड या मूळच्या रेशीम विणकराला. त्याचा मुलगा पीटर याने पेटंटच्या जोरावर लंडनच्या इतर चष्मेवाल्यांना कोर्टात खेचले. हॉलने शोध आधी लावला होता हे कोर्टाने नाकारले नाही. पण शोध घरात ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांपर्यंत नेणाऱ्याचा पेटंटवर हक्क, असा निकाल १७६६ मध्ये लागला. इतर कारागिरांवर त्यात अन्याय झाला असे आम्हाला वाटते. मात्र डॉलंडच्या दुर्बिणी उत्तम होत्या, इतक्या की आरमारात ‘डॉलंड’ म्हणजेच दुर्बीण असा शब्द रूढ झाला.

हीच पितळी नळी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगरांत पोहोचली. तिथली जमीन आधी मेंढ्यांसाठी आणि पुढे तांबड्या हरणांच्या शिकारीसाठी मोकळी केली गेली. गावेच्या गावे उठली. १८५२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाने बालमोरलची जहागीर घेतली आणि या शिकारीला मोठी प्रतिष्ठा आली. बंदूक पाहुण्या धनिकाची असे, पण दुर्बीण असे ती ‘स्टॉकर’ म्हटल्या जाणाऱ्या स्थानिक वाटाड्याच्या हातात. उतारावर उताणे पडायचे, डोके मागे टेकवायचे आणि लांब नळी वर केलेल्या गुडघ्याला किंवा काठीला टेकवून समोरची दरी इंच इंच तपासायची. हरणाचे नाक तीक्ष्ण, म्हणून जवळ जाऊन निवड करणे अशक्य. नर कोणता, म्हातारा कोणता, शिंगांना फाटे किती, हे सारे एक-दीड किलोमीटरवरूनच ठरवायला हवे. वीस पट वर्धनात एक किलोमीटरवरचे हरीण पन्नास मीटरवर असल्यासारखे दिसते. एवढ्यावर त्याचे वय ओळखता येते, आणि चुकीचा नर मारला गेला तर ती चूक दुरुस्त होत नाही.

या माणसांची नजर सैन्याच्या लक्षात आली नसती तरच नवल. बोअर युद्धात, जानेवारी १९०० मध्ये, लॉर्ड लोव्हॅट यांनी अशाच वाटाड्यांचे ‘लोव्हॅट स्काउट्स’ हे पथक उभे केले. पहिल्या महायुद्धात हेस्केथ-प्रिचर्ड या शिकारी आणि क्रिकेटपटू अधिकाऱ्याने १९१६ मध्ये फ्रान्समध्ये नेमबाजी आणि निरीक्षण शिकवणारी शाळा काढली. त्याने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींतला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. समोरच्या जर्मन खंदकावर एक मांजर ऊन खात बसलेले निरीक्षकाला दुर्बिणीतून वारंवार दिसे. मांजर पाळलेले दिसते, म्हणजे तिथे अधिकाऱ्यांचे ठाणे असावे, असे अनुमान निघाले. विमानातून छायाचित्रे घेतली गेली आणि तोफांनी ती जागा उद्ध्वस्त केली. निरीक्षण चोख होते, अनुमानही चोख. विज्ञानाचे शिक्षक म्हणून आपण मुलांना हेच शिकवतो, म्हणून हा प्रसंग जास्तच टोचतो.

दरम्यान नळी आखूड करण्याचा उपाय निघाला होता. काटकोनी लोलकाच्या आत ४५ अंशांनी पडणारा किरण काचेच्या सीमांतिक कोनाबाहेर, म्हणजे साधारण ४२ अंशांपलीकडे, असतो. तो पूर्णपणे परावर्तित होतो. दोन लोलक एकमेकांना आडवे ठेवले तर एक वर-खाली आणि दुसरा डावे-उजवे सुलट करतो, शिवाय प्रकाशाची वाट दुमडली जाते. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये याचे पेटंट घेतले, पण पुरेशी नितळ काच नव्हती. येना येथे ऑटो शॉट यांच्या काचशाळेने १८८४ पासून ती पुरवली, आणि अर्न्स्ट आबे यांच्या आराखड्यावरून त्साइस कंपनीने १८९४ मध्ये लोलकांची दुर्बीण बाजारात आणली. आबेंना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. पोरो त्यांच्या आधी होता हे त्यांना पेटंट मागताना कळले.

उरला प्रश्न वाया जाणाऱ्या प्रकाशाचा. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. बारा पृष्ठभाग असले तर पलीकडे ६१ टक्केच पोहोचतो. १८९० च्या दशकात डेनिस टेलर या इंग्रज भिंगतज्ज्ञाच्या लक्षात आले की जुनी, पृष्ठभाग डागाळलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात! जो थर लोक खराबी समजत होते तो परावर्तन कमी करत होता. मुद्दाम असा थर चढवण्याची खात्रीची रीत त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढली. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या अशा थराची जाडी मिलिमीटरचा दहा-हजारावा भाग, म्हणजे थरातल्या तरंगलांबीच्या पाव. आजच्या अनेक थरांच्या लेपात परावर्तन अर्ध्या टक्क्यावर येते आणि त्याच बारा पृष्ठभागांतून ९४ टक्के प्रकाश पार जातो.

याच काळात दुर्बिणीमागचा माणूस बदलत होता. अमेरिकन पक्षितज्ज्ञ एलियट कूझ यांच्या १८७४ च्या मार्गदर्शक पुस्तकात पक्षी अभ्यासण्याचे मुख्य साधन म्हणजे दुनळी बंदूक. १८८९ मध्ये फ्लॉरेन्स मेरियम यांनी नाटकगृहातली छोटी दुर्बीण, म्हणजे गॅलिलिओचीच रचना, हाती घेऊन पक्षी ओळखायला शिकवले. १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन यांनी लांबून दिसणाऱ्या खुणांवरून ओळख पटवणारे पुस्तक काढले. आपल्याकडचे उदाहरण सर्वांना माहीत आहे: मुंबईतल्या एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि ती ओळखून घ्यायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सलीम अलींनी पुढेही नमुन्यांसाठी बंदूक वापरली. संग्रहालयातल्या नमुन्यांशिवाय नुसत्या दुर्बिणीने ओळखण्याच्या खुणा ठरल्याच नसत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकाऱ्याची दुर्बीण निरीक्षकाकडेच आली.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. पदार्थभिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढी जाड प्रकाशशलाका डोळ्यात शिरते. ६० मिलिमीटरच्या भिंगात २० पटीला ती ३ मिलिमीटर, तर ६० पटीला १ मिलिमीटर. संध्याकाळी, नेमकी हरणे बाहेर पडतात तेव्हा, आपली बाहुली ५ मिलिमीटर उघडलेली असेल तर ६० पटीला चित्राचा उजेड नुसत्या डोळ्याच्या पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. शिवाय ६० मिलिमीटरचे भिंग जेवढा बारकावा दाखवू शकते तो सारा ३० पटीपर्यंत डोळ्याला मिळून जातो. त्यापुढे चित्र मोठे होते, बारकावा वाढत नाही. दुपारी तर तापलेल्या जमिनीवरची हवा ३० पटीलाही चित्र थरथरवते. रायफलच्या मैदानावर, जिथे गोळी कुठे लागली हे ‘स्पॉट’ करण्यावरून या दुर्बिणीला नाव पडले, तिथे या थरथरीलाच ‘मिराज’ म्हणतात आणि ती कुठे झुकते यावरून वाऱ्याची दिशा ओळखतात. मृगजळ हा आपला शब्द तिथेही मृगासकट शोभला असता.

तेव्हा २० ते ३० पट वर्धन, ६० मिलिमीटर किंवा मोठे भिंग आणि मजबूत तिवई असा आमचा सल्ला आहे. आकड्यावर विश्वास नसेल तर तो वर्गात तपासता येतो. दुर्बीण उजळ आकाशाकडे धरावी (सूर्याकडे कधीही नाही) आणि नेत्रभिंगामागे तेलकट कागद धरून त्यावर पडणारी लहानशी तेजस्वी चकती मोजावी. भिंगाच्या व्यासाला चकतीच्या व्यासाने भागले की वर्धन मिळते. मात्र स्वस्त दुर्बिणीत भिंगाच्या कडांचे दोष झाकायला आत एक लहान भोकाची चकती बसवलेली असते. गॅलिलिओही पुठ्ठ्याची कडी लावून हेच करीत असे. तसे असेल तर भागाकार फसवतो. म्हणून आधी अंधाऱ्या खोलीत नेत्रभिंगातून टॉर्चचा प्रकाश आत सोडावा आणि पदार्थभिंगासमोर अगदी जवळ कागद धरावा. त्यावरचे उजेडाचे वर्तुळ जेवढे भरेल, तेवढेच भिंग खरोखर कामाला येते.