ताशी साठ मैल आणि नागरिकत्वाची शपथ

१/
२६ एप्रिल २०१७. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्व काढून घेण्याच्या एका प्रकरणाची सुनावणी चालू होती. सरकारी वकिलांचा युक्तिवाद ऐकता ऐकता सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी स्वतःचाच एक ‘गुन्हा’ सांगितला. ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर आपण पूर्वी एकदा ६० मैलांच्या वेगाने गाडी चालवली होती. नागरिकत्वाच्या अर्जात ही गोष्ट लिहायची राहिली, तर वीस वर्षांनी सरकार दार ठोठावून ‘तुम्ही नागरिक नाहीच’ असे म्हणू शकते काय, असा त्यांचा प्रश्न होता.

अर्जात विचारले असेल तर ते सांगितलेच पाहिजे, असे उत्तर सरकारी वकिलांनी दिले.

२/
वरवर पाहता हा विनोद वाटतो. परंतु त्यामागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. रस्त्यावरचा किरकोळ दंड आणि देशाचे नागरिकत्व यांचा संबंध कसा जुळला, हा आजच्या धाग्याचा विषय.

बुलढाण्याच्या वाचकाला हा विषय परका नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील कित्येक घरांतील मुलेमुली आज परदेशी आहेत. त्यांच्यापैकी कोणी नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसले की जुन्या, विसरलेल्या, न भरलेल्या दंडाच्या पावत्या अचानक आठवू लागतात.

३/
आरंभ मात्र घरातूनच करू. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाले. पुढे ते मध्य प्रांताला जोडले गेले. १९३५ च्या कायद्यातही निजामाचे सार्वभौमत्व मान्य करूनच वऱ्हाडाचा कारभार प्रांताबरोबर चालवण्याची तरतूद होती.

म्हणजे बुलढाण्याचा शेतकरी सारा भरत असे इंग्रजांच्या खजिन्यात, आणि ज्या भूमीवर तो राहत असे तिचा धनी कागदावर होता हैदराबादेत.

४/
हा गुंता सुटला तो राज्यघटनेने. नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे उरलेल्या घटनेच्या दोन महिने आधीच, अमलात आली. पाचव्या कलमाने पाहिले ते इतकेच: मनुष्याचे कायमचे वास्तव्य या भूमीत आहे, आणि तो किंवा त्याचे आईवडील येथे जन्मले आहेत, अथवा तो निदान पाच वर्षे येथे राहत आहे.

त्या माणसावर कोर्टाचा दंड बाकी आहे काय, त्याची वागणूक कशी आहे, हे कोणी विचारले नाही. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाला चारित्र्याचा दाखला लागत नाही. तो लागतो मागून मिळवायच्या नागरिकत्वाला.

५/
अमेरिकेने हा दाखला पहिल्यापासून मागितला. १७९० च्या पहिल्या कायद्यात दोन मुख्य अटी होत्या: अर्जदार स्वतंत्र गोरा असावा आणि त्याचे चारित्र्य चांगले असावे. १७९५ मध्ये ‘चांगले नैतिक चारित्र्य’ असा शब्दप्रयोग आला आणि वास्तव्याची मुदत दोनवरून पाच वर्षे झाली. १९०६ च्या कायद्याने सगळी पद्धत केंद्र सरकारच्या देखरेखीखाली आणली. अर्जदाराच्या वर्तनाची ग्वाही देणारे दोन नागरिक साक्षीदार आवश्यक ठरले.

६/
भारतीयांची वाट बहुधा पहिल्याच अटीपाशी अडत असे. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांच्या चारित्र्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तरीही ते अपात्र ठरले. त्यानंतर पूर्वी नागरिक झालेल्या भारतीयांवरही नागरिकत्व रद्द करण्याचे दावे दाखल झाले.

७/
थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्यांचा जन्म अहमदाबादचा. १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि पुढे तेथेच वकिली करू लागले. थिंड निकालानंतर सरकार त्यांच्याही मागे लागले. पंडितांनी झुंज दिली. एकदा न्यायालयाने सरकारला संधी देऊन, रीतसर चौकशी करून दिलेले नागरिकत्व मागाहून कायद्याचा अर्थ बदलला म्हणून काढता येणार नाही, ही त्यांची भूमिका १९२६ मध्ये अपिलात टिकली. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. इतरांवरील कारवाया त्यानंतर थंडावल्या.

८/
२ जुलै १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकी नागरिक होण्याची मुभा मिळाली. १९५२ च्या कायद्याने वंशाची अटच नागरिकत्वाच्या वाटेतून काढून टाकली. वर्णाचे दार उघडले. उरले चारित्र्याचे दार.

त्याच १९५२ च्या कायद्याने चारित्र्याला बाधक गोष्टींची यादी केली: नेहमीचे मद्यपीपण, जुगारावर उपजीविका, एकूण १८० दिवस वा अधिक तुरुंगवास, आणि शपथेवर खोटी साक्ष. शिवाय यादीत नाही म्हणून चारित्र्य चांगलेच, असे समजू नये, अशी पुरवणीही जोडली. हा शेवटचा भाग लवचीक आहे. रस्त्यावरचा दंड शिरला तो याच फटीतून.

९/
चारित्र्य तपासायचे ते मुख्यतः अर्जाआधीच्या पाच वर्षांचे. अमेरिकी नागरिकाशी विवाह झालेल्या पात्र अर्जदारासाठी तीन वर्षांचे. ही मुदत किती काटेकोर असते, याचे उदाहरण १९४७ च्या रेपुई खटल्यात आहे. असाध्य व्याधीने पिडलेल्या आपल्या मुलाचा जीव घेणाऱ्या बापाचा अर्ज न्यायालयाने फेटाळला, कारण ते कृत्य पाच वर्षांच्या आत काही आठवड्यांनी येत होते. नवा अर्ज केल्यास ते मुदतीबाहेर जाईल, हेही न्यायालयाने नमूद केले.

१०/
आता रस्त्याकडे वळू. १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा शहरात जगातील पहिले पार्किंग मीटर बसले. मोटारीने एक नवा प्रकार निर्माण केला: चोरी नाही, मारामारी नाही, तरीही कायदा मोडलेला आहे असा सभ्य गृहस्थ. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, सगळेच कधी ना कधी दंडास पात्र ठरू लागले. अशा दंडावरून चारित्र्य जोखायचे, तर कोणाचेच टिकणार नाही. म्हणून केवळ दंड झाला या कारणाने नागरिकत्व नाकारण्याची सर्वसाधारण रीत पडली नाही.

११/
घात होतो तो दंड न भरल्याने. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात एका गरीब माणसाचे वाहतुकीचे दंड ४२५ डॉलरपर्यंत साचले. त्या गुन्ह्यांना शिक्षा होती फक्त दंडाची. पण पैसे नाहीत म्हणून दिवसाला पाच डॉलर या हिशेबाने, म्हणजे ८५ दिवस, त्याला तुरुंगाच्या शेतावर पाठवण्यात आले. २ मार्च १९७१ रोजी ‘टेट विरुद्ध शॉर्ट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली: श्रीमंताला दंड आणि गरिबाला त्याच गुन्ह्यासाठी कैद, हे चालणार नाही.

१२/
कायदा बदलला, व्यवहार पुरता बदलला नाही. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने फर्ग्युसन या गावाच्या पोलीस आणि न्यायालयाविषयी अहवाल दिला. गावाची वस्ती सुमारे २१ हजार. आणि तेथील न्यायालयाने काढलेली, अद्याप न बजावलेली अटक वॉरंटे होती १६ हजारांहून अधिक लोकांवर, त्यांत गावाबाहेरचेही आले. पुष्कळांचा मूळ अपराध वाहतुकीचा वा तितकाच किरकोळ होता. तारखेला गैरहजर राहिले, हप्ता चुकला, वॉरंट निघाले.

१३/
स्थलांतरितासाठी हीच साखळी महत्त्वाची. पावती मिळाली, भरली नाही. न्यायालयाची तारीख आली. घर बदलल्यामुळे पत्र पोहोचले नाही. परवाना निलंबित झाला. ते ठाऊक नसताना गाडी चालवली. पुढच्या चौकात पोलिसाने अडवले आणि प्रकरण दंडाचे न राहता अटकेचे झाले. पन्नास-शंभर डॉलरचा कागद असा वाढत जातो.

१४/
नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न असा असतो की, तुम्हाला कधीही अटक झाली आहे काय, पोलिसांनी समज वा दंडाची पावती दिली आहे काय, ताब्यात घेतले आहे काय. ‘कधीही’ या शब्दाला पाच वर्षांची मर्यादा नाही. अर्जासोबतच्या सूचनांत सवलत आहे: दारू वा अमली पदार्थांचा संबंध नसेल, प्रत्यक्ष अटक झाली नसेल आणि शिक्षा ५०० डॉलरहून कमी दंडाची किंवा परवान्यावरील गुणांचीच असेल, तर कागदपत्रे जोडण्याची गरज नाही.

सवलत कागदपत्रे जोडण्यापुरती आहे. खरे उत्तर देण्यातून सुटका नाही. नेमके येथेच अनेकांचा गोंधळ होतो.

१५/
गोंधळ महाग का पडतो? १९८८ च्या ‘कुंगिस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नागरिकत्व मिळवण्याच्या हेतूने शपथेवर तोंडी खोटे सांगितले, तर ती गोष्ट महत्त्वाची होती की क्षुल्लक, हे चारित्र्याच्या कसोटीत पाहिले जात नाही. म्हणजे जो दंड सांगितला असता तर अधिकाऱ्याने मान डोलावून पान उलटले असते, तोच जाणूनबुजून लपवला तर आडवा येऊ शकतो. भाबडी विस्मृती आणि हेतुपूर्वक खोटे यांत मात्र कायदा फरक करतो.

१६/
आता आरंभीच्या सुनावणीकडे परत येऊ. प्रकरण बोस्नियातून आलेल्या दिव्ना मास्लेन्याक यांचे होते. पतीच्या लष्करी सेवेविषयी त्यांनी खोटे सांगितले होते. २२ जून २०१७ रोजी न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकाल लिहिला: अशा फौजदारी कारवाईत नागरिकत्व हिरावायचे, तर त्या बेकायदा कृत्याने नागरिकत्व मिळण्यात काहीतरी वाटा उचलला होता, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. ताशी पाच मैलांच्या खोट्यावर कोणाचा देश हिरावता येणार नाही.

हे संरक्षण मुख्यतः नागरिक झालेल्यासाठी आहे. जो अजून दाराबाहेर उभा आहे, त्याची कसोटी वेगळी.

१७/
आणि ती कडक होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याने चारित्र्याच्या मूल्यमापनाविषयी नवे परिपत्रक काढले. बेदरकार किंवा सवयीने होणारे वाहतूक नियमभंग नागरी जबाबदारीशी विसंगत मानता येतील, असा उल्लेख त्यात आहे. कर भरणे, समाजात सहभाग, कुटुंबाचा सांभाळ या जमेच्या बाजूही पाहाव्यात, असेही ते सांगते. एखाददुसरी पावती आणि पावत्यांची थप्पी यांतला फरक आता अधिक ठळक झाला आहे.

१८/
इतर देशांत काय? ब्रिटनमध्येही ‘चांगले चारित्र्य’ लागते. तेथे जागच्या जागी दिलेला ठरावीक दंड वेळेत भरला तर सामान्यतः विचारात घेत नाहीत. न भरता प्रकरण न्यायालयात गेले तर घेतात.

आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही अर्जाने नागरिक होणाऱ्याचे चारित्र्य चांगले असावे, अशी अट आहे. फसवणुकीने, खोटे सांगून वा महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेले नागरिकत्व दहाव्या कलमाखाली काढता येते. तिन्ही देशांत रोख एकाच दिशेने आहे: चुकीपेक्षा टाळाटाळ वाईट, आणि टाळाटाळीपेक्षा लपवाछपवी वाईट.

१९/
म्हणून अर्जाआधीचा क्रम असा असावा. जिथे जिथे वास्तव्य होते, तेथील वाहतूक न्यायालयांत आपल्या नावावर काही बाकी आहे काय ते शोधावे. बाकी असेल ते भरावे. ऐपत नसेल तर हप्ते मागावेत. प्रकरण मिटल्याची सहीशिक्क्याची नक्कल घ्यावी आणि मुलाखतीला सोबत न्यावी. वॉरंट असेल किंवा अटक झाली असेल, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नये. विचारले की सांगावे.

२०/
इकडेही एक नजर टाकावी. गावी ठेवलेली एमएच-२८ ची दुचाकी परदेशी गेलेल्याच्या नावावर असते आणि चालवतो धाकटा भाऊ. कॅमेऱ्याने टिपलेले ई-चलान मात्र नोंदणीकृत मालकाच्या नावावर निघते. ते तडजोड शुल्क भरून किंवा लोकअदालतीत मिटवता येते. दुर्लक्ष केले तर न्यायालयापर्यंत जाते. गाडी ज्याच्या हाती, तिची नोंदणीही त्याच्या नावावर करावी, हे उत्तम.

२१/
पंडितांच्या काळी हिंदी माणसाला कितीही निष्कलंक चारित्र्य असून उपयोग नव्हता. दार वर्णाने बंद होते. ते दार उघडायला १७९० पासून दीडशेहून अधिक वर्षे गेली. आज त्याच दारात उभा असलेल्या बुलढाण्याच्या मुलाला आपल्या वर्णाचे उत्तर द्यावे लागत नाही. द्यावे लागते आपल्या वागणुकीचे, आणि ते आपल्या हातात असते. न भरलेली पावती भरता येते. शपथेवर सांगितलेले खोटे मात्र मागे घेणे फार अवघड असते.