चिकणमातीचे अस्तर : पार्यतेकडून धारणक्षमतेकडे

तलाव व कालव्यांचा तळ चिकणमातीने लिंपून पाणी अडविण्याची कला प्राचीन आहे. कचराभरावाखाली तीच माती पसरताना अमेरिकेतील अभियंत्यांनी तोच अनुभव प्रमाण मानला. ओलसर चिकणमाती कुटून घट्ट केली की तिची पार्यता सेकंदास एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापर्यंत उतरते. पुढे नियमांत रूढ झालेला हा आकडा मुळात प्रयोगशाळेत, पाण्याच्या साहाय्याने मोजला जात असे.

इलिनॉय राज्यातील विल्सनव्हिल या खेड्यालगत १९७६ मध्ये घातक रसायने पुरण्यास प्रारंभ झाला. हिमनदीने आणलेला तेथील चिकणयुक्त थर ती रोखून धरील, असा तज्ज्ञांचा निर्वाळा होता. ग्रामस्थ न्यायालयात गेले. कचरा उकरून हलविण्याचा आदेश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये कायम केला, आणि तोही अपाय प्रत्यक्ष घडण्यापूर्वी! द्रावके अनुमानापेक्षा शंभर ते हजार पट वेगाने सरकल्याचे नंतरच्या तपासणीत आढळले. थरातील भेगा हिशेबात धरल्याच गेल्या नव्हत्या.

याच सुमारास टेक्सासमध्ये डेव्हिड अँडरसन यांनी शुद्ध सेंद्रिय द्रावकांनी माती आकसते व तडकते, हे दाखविले. कचऱ्यातून झिरपणारा द्रव बहुतांशी पाणीच असल्याने ही भीती काहीशी अतिरंजित ठरली. परंतु पाण्याच्या कसोटीवरील विश्वास डळमळला तो डळमळलाच.

उपाय रंगउद्योगाकडून आला, हे विशेष. बेंटोनाइटमधील माँटमोरिलोनाइटच्या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो. तेथील सोडियम वा कॅल्शियमभोवती पाणी जमते व बेंझीनसारख्या रेणूंना थारा मिळत नाही. या आयनांच्या जागी लांब कार्बनशृंखलेचे अमोनियम आयन बसविले की माती तैलस्नेही होते. जे. डब्ल्यू. जॉर्डन यांनी १९४९ मध्ये अशा बेंटोनाइटचा अभ्यास प्रसिद्ध केला. रंग व वंगण घट्ट करणारी ही माती प्रदूषके शोषूनही घेते, हे १९८० च्या दशकात बॉइड, मॉर्टलंड आणि चिऊ यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. अस्तराने केवळ अडवावे असे नव्हे, तर धरूनही ठेवावे, ही कल्पना येथून रुजली. मात्र अशी माती पाण्यात पुरेशी फुगत नाही. म्हणून ती साध्या बेंटोनाइटमध्ये मिसळावी लागते.

भारताच्या २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांनी १.५ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक पटलाखाली ९० सेंटिमीटर चिकणमाती अथवा सुधारित माती सांगितली. मातीसाठी कसोटी ठेवली ती तोच एक कोटीवा भाग. धारणक्षमतेसाठी आकडा दिला नाही.