पदवी, कारखाना आणि कामाचे पहिले वर्ष : भोपाळच्या सोनागिरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पदवीधरांच्या रोजगारक्षमतेची चर्चा शिक्षणक्षेत्रात बहुधा अभ्यासक्रमापासून सुरू होते. अभ्यासक्रम जुना आहे, प्रात्यक्षिके अपुरी आहेत, इंग्रजी कच्चे आहे, अशी कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु त्यांत एक मूलभूत प्रश्न सुटून जातो. महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण प्रत्यक्ष कामात तरबेज होईपर्यंत जो काळ जातो, त्या काळाचा खर्च कोणी उचलायचा? मालकाने, शासनाने की विद्यार्थ्याच्या कुटुंबाने? भोपाळ शहराच्या पूर्व भागातील सोनागिरी, पिपलानी व गोविंदपुरा या परिसराच्या इतिहासात या प्रश्नाची निरनिराळ्या काळांत निरनिराळी उत्तरे मिळाली. प्रस्तुत लेखात त्यांचा आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका

भोपाळ संस्थानात शिक्षणाला राजाश्रय होता. नवाब सुलतान जहाँ बेगम (कारकीर्द १९०१ ते १९२६) यांनी मुलींच्या शिक्षणाला चालना दिली आणि १९२० मध्ये त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. तथापि शिकलेल्या माणसापुढे मुख्य वाट होती ती दरबाराची व दफ्तराची. ब्रिटिश मुलखातही चित्र फारसे वेगळे नव्हते. १८५४ चा वुडचा खलिता आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे यांतून जी पदवी निर्माण झाली, ती प्रामुख्याने सरकारी नोकरीची पायरी ठरली. हातकामाचे शिक्षण मात्र घरात किंवा उस्तादाच्या हाताखाली होत राहिले. भोपाळच्या जुन्या शहरातील जरी-जरदोजीचे कारागीर याच पद्धतीने तयार झाले. एकाच समाजात लेखणीचे शिक्षण व हाताचे शिक्षण अशा दोन वाटा पडल्या आणि त्या क्वचितच एकत्र आल्या.

ही दरी सांधण्याचे दोन प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर जवळजवळ एकाच काळात झाले. मुंबईत भायखळा येथे १९३६ मध्ये साबू सिद्दिक संस्था उभी राहिली आणि अंजुमन-ए-इस्लामच्या शैक्षणिक कार्याला तांत्रिक शिक्षणाची जोड मिळाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या मूलभूत शिक्षणाची योजना मांडली. पहिला प्रयत्न शहरी उद्योगाकडे पाहणारा होता, दुसरा ग्रामीण हस्तोद्योगाकडे. काम हे शिक्षणाचे साधन होऊ शकते, हा विश्वास मात्र दोहोंत समान होता.

कारखाना हीच शाळा

१९४९ मध्ये भोपाळ संस्थानाचा कारभार केंद्र सरकारकडे आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन शहराच्या पूर्वेस मोकळ्या माळावर कारखाना उभा राहिला. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे १९७४ मध्ये ही कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे 'भेल'मध्ये विलीन झाली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती कारखान्याबरोबर वाढल्या व सोनागिरीची वस्तीही त्यांच्या शेजारी आकाराला आली.

जलविद्युत टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, स्विचगियर यांसारखी यंत्रसामग्री बनवण्याचा अनुभव असलेली माणसे त्या वेळी देशात फारच थोडी होती. त्यामुळे तयार मनुष्यबळ मिळत नाही, अशी तक्रार करून कारखान्याला भागण्यासारखे नव्हते. त्याने स्वतःची प्रशिक्षण शाळा काढली, निवडक अभियंत्यांना ब्रिटनमधील कारखान्यांत पाठवले आणि शिकाऊ उमेदवारांना विद्यावेतन देऊन यंत्रावर उभे केले. पदवी किंवा पदविका हा प्रवेशाचा परवाना होता. काम शिकवणे ही कारखान्याची जबाबदारी मानली गेली.

याच सुमारास शहरात शिक्षणसंस्थाही उभ्या राहिल्या. देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचे तंत्रशास्त्र महाविद्यालय १९६० मध्ये १२० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. आरंभी त्याचे वर्ग शासकीय तंत्रनिकेतनात भरत. २००२ मध्ये त्याला राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्थेचा दर्जा मिळाला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण संस्थेकडे मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांचीही जबाबदारी होती. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांच्या अध्यापकांचा भोपाळशी संबंध आला तो या संस्थेमुळे. शिक्षकाने उद्योग जाणला पाहिजे, हे तत्त्व येथे संस्थारूपाने मान्य झाले.

कायद्याचे पाठबळ

एका कारखान्याची पद्धत देशाचा नियम व्हावी, या दिशेने शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ हे महत्त्वाचे पाऊल होते. ठरावीक उद्योगांनी शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत व त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे, असे बंधन त्याने घातले. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. १९८६ मध्ये उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक शाखेच्या विद्यार्थ्यांचा समावेश झाला. पदवीधरांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासनाने उचलला. कामाच्या पहिल्या वर्षाचा खर्च मालक व शासन यांनी वाटून घ्यावा, हे या कायद्याचे उत्तर होते. दरम्यान कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' ही संकल्पना मांडून सामान्य शिक्षणालाही कामाशी जोडण्याची शिफारस केली.

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे पदवीधर मात्र दीर्घकाळ या कायद्याबाहेर राहिले. भोपाळ विद्यापीठ १९७० मध्ये स्थापन झाले. १९८८ मध्ये त्याला स्वातंत्र्यसेनानी बरकतुल्ला यांचे नाव देण्यात आले. अशा विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या बी.ए., बी.कॉम. विद्यार्थ्यांसाठी कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेसारखी कोणतीही व्यवस्था नव्हती.

रस्ता एकच, संबंध तुटलेला

१९९१ नंतर परिस्थिती पालटली. सार्वजनिक उद्योगांतील नवी भरती घटत गेली. याउलट खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. सोनागिरीजवळून जाणाऱ्या रायसेन रस्त्यावर १९९० च्या दशकात अशी अनेक महाविद्यालये उघडली आणि १९९८ मध्ये राज्याचे स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ भोपाळमध्ये सुरू झाले. कारखाना, गोविंदपुऱ्याचे लघुउद्योग आणि नवी महाविद्यालये एकाच परिसरात आली. पण भौगोलिक जवळीक वाढली म्हणून शैक्षणिक संबंध वाढला नाही. लघुउद्योजकाला वर्षभर माणूस शिकवणे परवडत नाही आणि महाविद्यालयाचे उत्पन्न शुल्कावर अवलंबून असते. परिणामी शिकण्याचा खर्च कुटुंबाकडे सरकला. पदवीनंतरचे खासगी वर्ग, प्रमाणपत्रे व बिनपगारी उमेदवारी ही त्याचीच रूपे होत. 'रोजगारक्षमता' हा शब्द याच काळात रूढ झाला. पूर्वी जी जबाबदारी कारखान्याची होती, ती या शब्दाने नकळत विद्यार्थ्याच्या गुणावगुणांत जमा केली.

मुस्लिम समाजाच्या दृष्टीने

या बदलाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या घरात मुलाच्या कमाईची लगेच गरज असते, तेथे बिनपगारी वर्ष म्हणजे संधीच नाकारणे होय. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर व पदविकाधारकांचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते, तर एकूण लोकसंख्येत ते सुमारे ७ टक्के होते. याच अहवालाने मुस्लिम पदवीधरांतील बेरोजगारीचे प्रमाण इतर समाजगटांपेक्षा अधिक असल्याचेही नोंदवले. आधीच थोडे असलेले पदवीधर कामाविना राहिले, की त्यांच्या धाकट्या भावंडांचा शिक्षणावरील विश्वास डळमळतो. म्हणून हा प्रश्न एका पिढीपुरता राहत नाही.

सार्वजनिक कारखान्याचा काळ सर्वार्थाने सुवर्णकाळ होता, असेही म्हणता येणार नाही. तेथील जागा मर्यादित होत्या आणि शालेय पात्रतेची अट होती. शाळा अर्धवट सोडलेला जुन्या शहरातील कारागीर, त्याच्या हातात कितीही कसब असले तरी, त्या दारापर्यंत पोहोचू शकत नव्हता. लेखणी व हात यांच्यातील जुनी दरी तेथेही पूर्ण बुजली नाही.

निष्कर्ष

सोनागिरी परिसराच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पदवीधर पदवीच्या दिवशीच कामाला पूर्ण तयार असावा, ही अपेक्षा अलीकडची आहे. देशाचा अवजड उद्योग ज्यांनी उभा केला, तेही कामावरच शिकले. दुसरी, विद्यावेतन असेल तरच गरीब घरातील मूल शिकाऊ उमेदवारी पूर्ण करू शकते. तिसरी, महाविद्यालय व उद्योग शेजारी असणे पुरेसे नाही. दोघांना बांधणारा नियम व तो पाळून घेणारा माणूस लागतो.

शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही दार उघडले आहे, आणि २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. बी.ए., बी.कॉम.च्या वर्गांवर शिकवणाऱ्या अध्यापकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. महाविद्यालयातील एका अध्यापकाकडे हे काम सोपवणे, परिसरातील आस्थापनांची यादी ठेवणे, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची नोंदणी करून घेणे आणि विद्यावेतन वेळेवर मिळते की नाही याचा पाठपुरावा करणे, एवढे कार्य मोठ्या निधीशिवाय होऊ शकते. अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार महाविद्यालयाच्या हाती फारसा नसतो. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याचा हात न सोडणे मात्र त्याच्या आवाक्यातील आहे.